मुंबईच्या पडद्यावरील गोव्याचा किनारा : गुन्हा, भय आणि सुरक्षिततेची कल्पना

प्रस्तावना

गोरेगाव पूर्वेला आरे वसाहतीलगत महाराष्ट्र शासनाने १९७७ साली चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. तत्पूर्वी १९४३ पासून गोरेगाव पश्चिमेला फिल्मिस्तान हा स्टुडिओ कार्यरत होता. अंधेरी, गोरेगाव, मालाड या उपनगरी पट्ट्यात हिंदी चित्रपटसृष्टीचा मोठा कारभार चालतो आणि भारतीय प्रेक्षकाच्या मनातील अनेक प्रदेशांची चित्रे प्रथम येथेच आकार घेतात. काश्मीरचे एक चित्र येथे तयार झाले, पंजाबचे झाले, तसेच गोव्याचेही झाले. यांपैकी गोव्याच्या चित्राचा एक विशेष असा की त्यात उपभोग आणि भय ही दोन्ही सूत्रे एकाच वाळूवर उभी असतात. ज्या किनाऱ्यावर नायक सुटीचा आनंद लुटतो, त्याच किनाऱ्यावर मध्यंतरानंतर प्रेत सापडते.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेपासून मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांतच हिंदी चित्रपट तेथे पोहोचला. आय. एस. जोहर यांचा ‘जोहर मेहमूद इन गोवा’ (१९६५) आणि ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) या दोन्ही चित्रपटांचा विषय गोवामुक्तीचा लढा हा होता. म्हणजे पडद्यावरील पहिला गोवा हा राजकीय गोवा होता. त्याचा पर्यटकी गोवा कसा झाला हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात त्यातील एकाच धाग्याचा विचार केला आहे. समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळी घडणारा गुन्हा आणि तेथील माणसाची सुरक्षितता यांविषयी मुंबईत तयार झालेल्या चित्रपटांनी कोणती कल्पना रूढ केली आणि प्रत्यक्षातील घटनांच्या शेजारी ठेवल्यास ती कितपत टिकते, असा हा प्रश्न आहे. येथे विचारात घेतलेले चित्रपट निवडक आहेत. कलात्मक श्रेष्ठतेपेक्षा त्यांनी प्रेक्षकाच्या मनावर सोडलेला ठसा हा या निवडीचा निकष आहे.

बाहेरून येणारा रक्षक

पंकज पराशर यांच्या ‘जलवा’ (१९८७) या चित्रपटात मुंबईचा पोलीस अधिकारी कपिल अमली पदार्थांच्या व्यापाराचा माग काढीत गोव्यात येतो. नसिरुद्दीन शहा यांनी ही भूमिका ज्या मोकळेपणाने केली तीमुळे चित्रपट आजही पाहवतो. परंतु कथेच्या रचनेकडे पाहिल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. गोवा ही गुन्ह्याची जागा आहे, आणि तो गुन्हा संपविणारा माणूस मात्र मुंबईहून यावा लागतो. स्थानिक माणूस साक्षीदार, मदतनीस किंवा खबऱ्या असतो. न्यायाचा कर्ता तो कधी नसतो.

या रचनेला वास्तवाचा आधार अजिबातच नव्हता असे म्हणता येणार नाही. ‘जलवा’ प्रदर्शित होण्याच्या आदल्याच वर्षी, ६ एप्रिल १९८६ रोजी, मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी पर्वरी येथील ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात चार्ल्स शोभराज याला पकडले होते. शोभराज त्यापूर्वी तीन आठवडे आधी, १६ मार्चला, दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध देऊन पळाला होता. याच झेंडे यांनी १९७१ मध्येही त्याला मुंबईत पकडले होते. दक्षिण आणि आग्नेय आशियातील पर्यटकांच्या मार्गावर, मुख्यतः भटक्या परदेशी तरुणांना विश्वासात घेऊन, लुबाडणारा आणि खून करणारा हा गुन्हेगार होता. तो गोव्यात आला यात आश्चर्य नव्हते. परदेशी चेहऱ्याकडे कोणी वळून पाहणार नाही अशी जागा १९८६ च्या भारतात फार ठिकाणी नव्हती.

पुढे त्याच उपाहारगृहात, तो ज्या टेबलाशी बसला होता तेथे, शोभराजचा पुतळा बसविण्यात आला. पकडणाऱ्याऐवजी पकडल्या गेलेल्याचा पुतळा उभा राहतो, ही गोष्ट पर्यटनव्यवसायाच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगून जाते. गुन्हा पुरेसा जुना झाला आणि त्यातील मृत व्यक्ती दूरदेशीच्या असल्या की तो प्रेक्षणीय होतो. चिन्मय मांडलेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘इन्स्पेक्टर झेंडे’ (२०२५) या चित्रपटाने झेंडे यांना उशिरा का होईना न्याय दिला. मनोज वाजपेयी यांनी रंगविलेला झेंडे हा मध्यमवर्गीय, घरंदाज, खर्चाचा हिशेब ठेवणारा मराठी पोलीस आहे. चाळीच्या भाषेतला हा विनोद लोभस आहे आणि त्यामागे मराठी रंगभूमीचा संस्कार स्पष्ट दिसतो. पण हा चित्रपटही गोव्याकडे पाहताना मुंबईच्या बसच्या खिडकीतूनच पाहतो. गोवा येथे शोधमोहिमेचे मैदान आहे. पाठलाग संपला की गोव्याचे कामही संपते.

‘सिंघम’ (२०११) मध्ये हीच रचना अधिक आक्रमक झाली. रोहित शेट्टी यांचा हा चित्रपट मूळ तमिळ कथेवर बेतलेला आहे. बाजीराव सिंघम हा शिवगड या सीमेलगतच्या गावचा मराठी अधिकारी, आणि जयकांत शिक्रे त्याची बदली कोलव्याला करवून घेतो. कोलवा हा प्रत्यक्षात दक्षिण गोव्यातील गजबजलेला किनारा. तेथील पोलीस ठाण्यात रोज येणाऱ्या तक्रारी कोणत्या असतील याची कल्पना करणे अवघड नाही : चोरीला गेलेल्या पिशव्या, भाड्याच्या दुचाकींचे अपघात, दारूच्या नशेतील मारामाऱ्या, बुडालेले तरुण, भाडेकरूंची नोंद न केलेली घरे. चित्रपटाला या कशाशीच कर्तव्य नाही. कोलवा हे केवळ पाटीवरचे नाव आहे. सरतेशेवटी पोलीसच शिक्रेला ठार करतात आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. सुरक्षितता म्हणजे भक्कम दंडाचा एक माणूस, ही समजूत या टाळ्यांनी घट्ट केली. तिचे मूल्यमापन करायचे तर प्रत्यक्षात घडलेल्या एका प्रकरणाकडे वळावे लागते.

हणजूणचा किनारा आणि न्यायाचा कालावधी

हिंदी चित्रपटात ‘अंजुना’ असते, हणजूण नसते. ‘अरपोरा’ असते, हडफडे नसते. हा भेद केवळ उच्चाराचा नाही. हणजूण हे गाव आहे, त्याला पंचायत आहे, शेते आहेत, चर्च आणि देवळे आहेत. अंजुना ही साठीच्या दशकाच्या अखेरीस हिप्पींनी शोधलेली, पुढे सनदी विमानांनी आलेल्या पर्यटकांनी आणि त्यानंतर भारतीय सुटीकरूंनी वापरलेली जागा आहे.

याच किनाऱ्यावर १८ फेब्रुवारी २००८ रोजी पंधरा वर्षे वयाच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. तिचे कुटुंब त्यावेळी कर्नाटकात गोकर्णला होते. पोलिसांनी प्रारंभी हा बुडून झालेला अपघाती मृत्यू असल्याचे सांगितले. मुलीच्या आईने ते मान्य केले नाही. तिच्या पाठपुराव्यामुळे दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले, अंगावरील जखमा नोंदल्या गेल्या आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आले. पणजीच्या बाल न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दोन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. मृत्यूपासून शिक्षेपर्यंत अकरा वर्षांहून अधिक काळ गेला.

येथे घटनाक्रम देण्याचे प्रयोजन एवढेच की यातील कोणताही निर्णायक क्षण चित्रपटीय नाही. पहिल्या काही तासांत केलेला निष्कर्ष, पहिले शवविच्छेदन किती काळजीपूर्वक झाले, किनाऱ्यावरची जागा सुरक्षित ठेवली गेली की नाही, या बाबींवर पुढील अकरा वर्षे अवलंबून राहिली. खटल्यातील एक महत्त्वाचा परदेशी साक्षीदार साक्ष देण्यासाठी आलाच नाही. पर्यटनस्थळावरील गुन्ह्याचे हे वैशिष्ट्य समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. नेहमीच्या गावात बळी, आरोपी आणि साक्षीदार हे सर्व तेथेच राहणारे असतात. किनाऱ्यावर बळी पाहुणा असतो, साक्षीदारही पाहुणा असतो, आणि शॅकमधील वाढपी हंगाम संपताच दुसऱ्या राज्यात निघून जातो. पर्यटकाचा व्हिसा महिन्यांचा आणि खटला वर्षांचा, हा विषम हिशेब कोणत्याही शूर अधिकाऱ्याच्या मनगटाने सुटणारा नाही.

काणकोणजवळ मार्च २०१७ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या एका परदेशी तरुणीचा खून झाला. त्यात आरोपीला जन्मठेप सुनावली गेली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. ‘सिंघम’मधील न्याय दोन तासांत पुरा होतो. प्रेक्षकाला या दोन कालावधींतील अंतर माहीत असते, आणि म्हणूनच तो टाळ्या वाजवितो, असे या चित्रपटाच्या समर्थनार्थ म्हटले जाईल. ते खरेही आहे. मात्र अशा टाळ्यांतून तपासाच्या दर्जाविषयीची मागणी निर्माण होत नाही. पंचनामा नीट करणाऱ्या हवालदारासाठी अद्याप कोणी शीळ घातलेली नाही.

आणखी एका विस्मरणाचाही येथे निर्देश केला पाहिजे. मडगावमध्ये अनाथ मुलांचा आश्रम चालविण्याच्या नावाखाली एका परदेशी वंशाच्या इसमाने मुलांचे लैंगिक शोषण चालविल्याचे १९९१ मध्ये उघडकीस आले आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पर्यटनाच्या आडून मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा प्रश्न यामुळे गोव्यात ऐरणीवर आला. ‘बायलांचो साद’सारख्या स्त्रीसंघटना व मुलांसाठी काम करणारे कार्यकर्ते सातत्याने बोलत राहिले आणि २००३ मध्ये गोवा बाल कायदा झाला. हणजूणच्या मुलीचा खटला चालला तो याच कायद्याखालील न्यायालयात. गोव्यातील माणसांनी स्वतः, कोणत्याही बाहेरच्या रक्षकाची वाट न पाहता, सुरक्षिततेसाठी केलेली ही मोठी कृती होय. येथे चर्चिलेल्या एकाही चित्रपटात तिचा मागमूस नाही.

लुबाडला जाणारा पर्यटक

फरहान अख्तर यांच्या ‘दिल चाहता है’ (२००१) ने भारतीय शहरी तरुणासाठी गोव्याची सहल हा जणू एक संस्कारच करून टाकला. शापोऱ्याच्या किल्ल्याच्या तटावर बसून समुद्राकडे पाहणारे तिघे मित्र ही प्रतिमा इतकी रुजली की आज त्या तटावर बसायला जागा मिळत नाही. याच चित्रपटात एक गुन्हाही आहे, हे बहुधा विसरले जाते. समीर हा भाबडा तरुण एका परदेशी तरुणीच्या प्रेमात पडतो आणि ती त्याला लुबाडून निघून जाते. प्रसंग विनोदी आहे आणि तो विनोद म्हणूनच साधला आहे. परंतु त्याने रूढ केलेला समज विचार करण्यासारखा आहे : किनाऱ्यावरचा गुन्हा म्हणजे फार तर खिसा हलका होणे आणि मित्रांना वर्षभर पुरेल असा किस्सा हाती येणे. शिवाय येथे भारतीय पुरुष बळी आहे आणि परदेशी स्त्री गुन्हेगार. किनाऱ्यावरील वास्तवात परदेशी आणि भारतीय स्त्रियांना नजरा, छायाचित्रे आणि पाठलाग यांना जे तोंड द्यावे लागते, त्याच्या नेमके उलट हे चित्र आहे. दिग्दर्शकाला हा उलटा अर्थ अभिप्रेत नसेल. पण लोकप्रिय कलाकृतीचा परिणाम कर्त्याच्या हेतूवर अवलंबून नसतो.

बारा वर्षांनी आलेल्या ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या राज आणि डीके यांच्या चित्रपटाने या सहलीचीच थट्टा केली. मुंबईतील कचेरीत काम करणारे मित्र, रशियन माफियांची बेटावरची मेजवानी, नव्या अमली पदार्थाने जिवंत प्रेते झालेले पाहुणे आणि रशियन असल्याचे सोंग घेणारा दिल्लीकर बोरिस. वरवर पाहता हा पोरकटपणा वाटेल. तरीही शेवटी सुटका करून घेतलेले मित्र किनाऱ्यावर परततात तेव्हा रोग तेथेही पोहोचलेला असतो, हा शेवट मार्मिक आहे. पर्यटकाने आपल्या मौजेसाठी निर्माण केलेला धोका पर्यटकासाठी राखून ठेवलेल्या बेटावर थांबत नाही, हे या थट्टेच्या चित्रपटाला सुचले. गंभीर चित्रपटांना ते क्वचितच सुचते.

स्थानिक तरुणाची बाजू

रोहन सिप्पी यांच्या ‘दम मारो दम’ (२०११) विषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण त्याच्यावर झालेली टीका आणि त्याचे प्रत्यक्ष गुणदोष यांत मोठी तफावत आहे. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास गोव्यात त्याच्याविरुद्ध तीव्र नाराजी व्यक्त झाली. गोव्याची, विशेषतः गोमंतकीय स्त्रियांची, बदनामी होत असल्याचा आक्षेप घेतला गेला. जाहिरातीतील काही भाग पाहता तो आक्षेप निराधार नव्हता. अनेक दशके हिंदी चित्रपटाने गोमंतकीय ख्रिस्ती माणसाला दारूडा आणि त्याच्या मुलीला ‘उपलब्ध’ म्हणून रंगविले. तो राग साचलेला होता, आणि तो बाहेर पडायला हा चित्रपट निमित्त झाला.

परंतु चित्रपट पाहिल्यावर असे लक्षात येते की येथे गुन्ह्याला बळी पडणारे आणि त्यात ओढले जाणारे लोक स्थानिक आहेत. लॉरी हा परदेशी शिक्षणाचे स्वप्न पाहणारा, पण पैशाची तजवीज नसलेला विद्यार्थी आहे. तो माल वाहून नेण्यास तयार होतो आणि विमानतळावर पकडला जातो. झोई हवाईसुंदरी होऊ पाहणारी मुलगी आहे. तीही याच वाटेने व्यापाऱ्याच्या हाती लागते. विष्णू कामत हा अधिकारी गोव्यातलाच आहे, पूर्वी लाच खाल्लेला आहे, आणि त्याला कथेच्या मध्येच मरण येते. बाहेरून येणारा रक्षक येथे नाही. मेजवानीत नाचणाऱ्या पर्यटकाच्या हातात जी पुडी पोहोचते तिच्या मागे गावातल्या कोणत्या घराची कोणती गरज आहे, एवढा प्रश्न तरी हा चित्रपट विचारतो. महाविद्यालयीन अध्यापकांना लॉरी ओळखीचा वाटेल. शिष्यवृत्ती हुकलेला, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला असा विद्यार्थी किनाऱ्याच्या गावांतच असतो असे नाही.

येथे एक अप्रिय विधान करणे भाग आहे. बदनामीचा आक्षेप आणि गुन्ह्याविषयीचे मौन ही दोन्ही पर्यटनव्यवसायाला सोयीची असतात. ज्यांची उपजीविका हंगामावर अवलंबून आहे त्यांना ‘गोवा असुरक्षित आहे’ ही बातमी नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यामुळे गोव्याचे वाईट दाखविणारा चित्रपट आणि गोव्याच्या माणसाचे दुःख दाखविणारा चित्रपट यांतील भेद पुसला जातो. ‘दम मारो दम’ दोन्ही गोष्टी करतो. त्यातील झगमगीत गाण्यांनी त्याच्या चांगल्या भागावर अन्याय केला आहे, आणि त्याचा दोष दिग्दर्शकाकडेच जातो.

पावत्यांचा गोवा : ‘दृश्यम’

या सर्व चित्रपटांत निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ (२०१५) ची जागा वेगळी आहे. मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळम चित्रपटाची. कामत यांनी ती गोव्यात आणली. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आणि ‘मुंबई मेरी जान’ (२००८) या चित्रपटांतून सामान्य नागरिक आणि व्यवस्था यांच्यातील ताण त्यांनी आधीच हाताळला होता. त्यामुळे हे स्थलांतर नुसत्या निसर्गदृश्यांसाठी झाले असे म्हणता येत नाही. विजय साळगावकर हा चौथी नापास, केबलचा व्यवसाय करणारा गोमंतकीय गृहस्थ आहे. किनारा, शॅक, परदेशी पाहुणे यांपासून दूर असलेल्या गावात तो राहतो. मराठी घरांतून मंगेशी-शांतादुर्गेला जाणाऱ्या माणसांना ओळखीचा वाटेल असा हा गोवा आहे, आणि मुंबईच्या पडद्यावर तो फार विरळा दिसला आहे.

मुलीच्या हातून घडलेला मृत्यू लपविण्यासाठी साळगावकर जे करतो ते या लेखाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. तो आपल्या कुटुंबाला पर्यटक बनवितो. पणजीची सहल, सत्संग, बसची तिकिटे, हॉटेलातील मुक्काम, पावभाजी, चित्रपटाचा खेळ. नंतरच्या दिवसांत केलेला हा प्रवास २ आणि ३ ऑक्टोबरला झाला, असे तो कागदांतून आणि लोकांच्या स्मरणातून उभे करतो. पर्यटक हा पावत्या मागे ठेवणारा प्राणी आहे आणि त्या पावत्यांवर सगळे विश्वास ठेवतात, हे त्याने अचूक ओळखले आहे. प्रत्यक्षातील किनाऱ्यावर जे कागद गुन्हा उलगडण्यासाठी हवे असतात आणि वेळेवर मिळत नाहीत, म्हणजे पाहुण्यांची नोंद, वेळा, साक्षीदारांची नावे, तेच कागद येथे गुन्हा झाकण्यासाठी जय्यत तयार असतात. कागदाला नायकाचे स्थान देणारा हा बहुधा पहिलाच गोव्याचा चित्रपट. दुर्दैवाने त्या कागदाचे काम सत्य पुरण्याचे आहे.

पोलीस ठाण्यातील प्रसंगांचा विचारही येथेच केला पाहिजे. महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा मुलगा बेपत्ता आहे, आणि त्यांच्या देखत उपनिरीक्षक गायतोंडे साळगावकरच्या लहान मुलीपर्यंत सर्वांना मारहाण करतो. प्रेक्षक हादरतो. ‘सिंघम’मध्ये ज्या वर्दीच्या हिंसेला टाळ्या मिळाल्या, तीच हिंसा येथे सामान्य कुटुंबाच्या बाजूने पाहिल्यावर असह्य होते. दोन्ही चित्रपटांचा नायक अजय देवगण हाच आहे, त्यामुळे ही तुलना आपोआप घडते. मात्र ‘दृश्यम’लाही एक मर्यादा आहे. मारहाण करणारा गायतोंडे लाचखाऊ आणि वाईट स्वभावाचा दाखविल्याने दोष माणसाचा ठरतो, पद्धतीचा नाही. कोठडीत मारल्याशिवाय तपास होत नाही ही धारणा गायतोंडेची एकट्याची आहे काय, हा प्रश्न चित्रपट विचारता विचारता थांबतो. प्रेत ज्या जागेत पुरले जाते ती बांधकाम चालू असलेल्या नव्या पोलीस ठाण्याची जागा असते. शेवटची ही कलाटणी पाहताना प्रेक्षक साळगावकरच्या हुशारीवर खूश होतो. त्या ठाण्यात उद्या तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचा विचार त्याच्या मनात येत नाही.

निर्दोष समुद्र

शेवटी एका अनुपस्थितीचा विचार करावयाचा आहे. या चित्रपटांत माणसे गोळीने मरतात, नशेने मरतात, डोक्यात वार होऊन मरतात. समुद्रात बुडून कोणी मरत नाही. समुद्र नेहमी निर्दोष असतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील पर्यटकाच्या जिवाला असलेला मोठा धोका पाण्याचा आहे. गोवा शासनाने २००८ पासून जीवरक्षणाचे काम ‘दृष्टी’ या संस्थेकडे सोपविले, ते या गरजेतूनच. लाल बावटा, शिट्टी, पावसाळ्यात पाण्यात उतरू नका म्हणून ओरडणारा तरुण जीवरक्षक, ही किनाऱ्यावरच्या सुरक्षिततेची खरी दैनंदिन दृश्ये आहेत. पडद्यावर त्यांना प्रवेश नाही.

ही उणीव चित्रपटकर्त्यांना दूरच्या प्रदेशाच्या अज्ञानामुळे राहिली असे म्हणावे, तर तेही पटत नाही. गोरेगावच्या चित्रनगरीपासून मालाडची अक्सा चौपाटी काही फार लांब नाही. मढ-मार्व्याच्या परिसरातील बंगले चित्रीकरणासाठी भाड्याने दिले जातात. अक्साचा किनारा पोहण्यास धोकादायक म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथे बुडालेल्यांत उपनगरांतील तरुणांचा भरणा मोठा आहे. चित्रीकरणाच्या गाड्या त्याच रस्त्याने ये-जा करतात. रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. त्यात खलनायक नव्हता, माफिया नव्हता. भरती-ओहोटीची माहिती, किनाऱ्यावर जीवरक्षक, सहलीबरोबरच्या प्रौढांची सावधगिरी, असे रुक्ष प्रश्न तेवढे मागे राहिले. अध्यापकवर्गाला ते प्रश्न नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

चित्रपट ही करमणूक आहे, तिने सरकारी परिपत्रकाचे काम करावे अशी अपेक्षा का ठेवावी, असा प्रतिवाद होऊ शकतो. परिपत्रकाची अपेक्षा कोणी ठेवलेली नाही. परंतु ‘दृश्यम’ने दाखवून दिले आहे की बसचे तिकीट आणि हॉटेलची नोंदवही यांतूनही प्रेक्षकाला खुर्चीच्या टोकाशी बसविता येते. मग दार उघडे आहे की बंद, परवाना खरा की खोटा, यांत नाट्य नाही असे कसे म्हणावे?

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील एका नाइटक्लबला रात्री आग लागली आणि पंचवीस माणसे मृत्युमुखी पडली. मृतांत पर्यटक होते, पण बहुसंख्य त्या क्लबचे कर्मचारी होते, पोटासाठी इतर राज्यांतून आणि नेपाळातून आलेले. बांधकामाची वैधता, पंचायतीचे परवाने, बाहेर पडण्याचे अरुंद मार्ग यांची चर्चा त्यानंतर सुरू झाली. हिंदी चित्रपटाने गोव्यातील अशा क्लबांची असंख्य दृश्ये चित्रित केली आहेत. दिव्यांचा झगमगाट, नाचणारी गर्दी, काचेच्या पेल्यांवरून फिरणारा कॅमेरा. त्या नाचाच्या मागे जे स्वयंपाकघर असते, तेथे भांडी विसळणारे आणि भाज्या चिरणारे जे लोक असतात, त्यांच्यापर्यंत तो कॅमेरा आजवर गेलेला नाही.